अण्णांनी चहाचं कौतुक केलं तेव्हा

“हा सेप्सिस आहे,” डॉक्टर म्हणाल्या, “पण तुम्ही वेळेत आणलंत.”

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाशी लढताना शरीराने आपल्याच अवयवांना इजा करणं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, लघवीच्या मार्गात संसर्ग होता आणि तो रक्तात उतरू लागला होता. ताप नव्हता. म्हातारपणी तो कधी कधी येतच नाही, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी माझे यजमान गेले. तेव्हापासून खराडीच्या घरात अण्णा आणि मी. दोघंही अबोल. अण्णा बोलतात ते टोमण्यांतच. माझ्या चहाला रोजचं प्रशस्तिपत्र ठरलेलं, “पाणी छान उकळलंयस.”

त्या सकाळी मात्र ते म्हणाले, “चहा छान झालाय गं. दमत असशील तू.”

टोमणा नाही म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं.

तिथे आधी ट्रायाज असतो. कोणाला अगोदर तपासायचं ते तिथे ठरतं. नाडी जरा जलद, रक्तदाब ठीक. आम्हाला बाकावर बसवलं. हेही माणूस हातचं जाणार, एवढंच डोक्यात घोळत होतं.

मग एक तरुण डॉक्टर बाकांवरच्या पेशंटना बघत आमच्यापाशी आल्या.

“तुम्ही यांना रोज पाहता. आज काय वेगळं वाटतंय?”

“आज ते गोड बोलतायत.”

शेजारच्या बाकावरचे गृहस्थ हसले. “औषध कुठलं दिलंत, काकू? आमच्याही घरी हवंय.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “एरवी कसे बोलतात?”

“एरवी पुणेकर आहेत.”

त्यांनी अण्णांना वार विचारला. अण्णा हसून म्हणाले, “आपण म्हणाल तो.” “यांचा मेंदू गोंधळलाय,” म्हणत डॉक्टरांनी लगेच स्ट्रेचर मागवलं. लॅक्टेट तपासलं. शरीराला रक्तपुरवठा कमी पडू लागला की रक्तात ते वाढतं. अण्णांचं वाढलेलं होतं. सलाईन आणि अँटिबायोटिक तिथेच सुरू झालं.

नंतर त्यांनी मला समजावलं, इमर्जन्सीतल्या उपचारांवर अलीकडे जे संशोधन होतंय, त्यात घरच्यांना वाटणारी काळजीही अभ्यासली जाते. काही वेळा ती यंत्रावरच्या आकड्यांच्या आधी इशारा देते. ऐकून मी इतकी हरखले की त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं!

आयसीयूबाहेरचा काळ कठीण गेला. एका सकाळी मला आत बोलावलं. डॉक्टर विचारत होत्या, “आजोबा, कसं वाटतंय?”

“ते तुम्ही सांगायचं. मी पेशंट आहे.”

मी तिथेच मोठ्याने हसले. नर्सने डोळे वटारले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दुखणं सांगालच, पण आपलं माणूस रोज कसं असतं तेही सांगा. हसतील म्हणून गप्प राहू नका.

कँटीनमध्ये इडली मागवली आणि नणंदेला फोन लावला. वर्षभर मी तिचे फोन नुसते ऐकत होते. त्या दिवशी तिला बोलूच दिलं नाही.