चुलवाणापुढचा उजेड

सांगलीची संध्याकाळची यष्टी फाट्यावर येण्याआधी अर्धा तास मी आमच्या गुऱ्हाळावर चुलवाणापुढे पोत्यावर बसलो होतो. वर काहिलीत रस उकळत होता आणि खालच्या जाळात चिपाडं सारायची पाळी माझी होती. पुण्याच्या कारखान्याचं नोकरीचं पत्र चार दिवस खिशात होतं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले होते, "गुऱ्हाळ उरकल्याबिगर कुटं जायाचं न्हाई." धाकटा भाऊ दत्तू उसाच्या मोळ्या टाकून आला, तेव्हा मी त्याला म्हणालो, "बस रं जरा. भाकरी खाऊन आलो." त्यानं कधी जाळ सांभाळला नव्हता. माझी पिशवी फाट्यावरच्या पानपट्टीत आधीच ठेवलेली होती.

आठवड्यानं पुण्यात आण्णांचं पत्र आलं. चुलवाणाच्या तोंडातून भडका उलटा आला होता आणि दत्तूचा डावा डोळा गेला होता. शेवटी एवढंच होतं, 'तुला जायाला कुणी सांगितलं?' मी उलट टपाली कळवलं, की दत्तूला सगळं ठाऊक होतं, तोच म्हणाला, तू जा, मी बसतो. पुढे गावात तीच गोष्ट राहिली. दत्तूनं भावाला पळून जायला लावलं आणि हौसेनं जाळापुढे बसून डोळा घालवला. आण्णा वारेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत.

मी पुण्यात कायम झालो, निवृत्त झालो आणि लेकीपाठोपाठ कॅनडात आलो. इथे थर्मोस्टॅट आहे. जाळ दिसत नाही, नुसती ऊब येते.

नात इरा कॉलेजात व्हिडिओ गेम बनवायला शिकते. तिनं माझ्या जाण्यावरच एक लेव्हल केली. खेळणारा म्हणजे मी, आणि गुऱ्हाळातून निघून फाटा गाठायचा. उजेड कुठे किती ठेवायचा, हे ती मला विचारायची. मी सांगितलं, काहिलीवर भरपूर, रस्त्यावर यष्टीचे दिवे.

"आणि दत्तूआजोबा बसलेत तिथे?"

"तिथे अंधार ठेव. तिथलं काही दिसायचं नाही."

त्यांच्या वर्गात व्हिडिओ कॉलवर एकमेकांच्या लेव्हल खेळून बघतात आणि फीडबॅक देतात. गेल्या महिन्यात मी लॅपटॉपसमोर इराच्या शेजारी बसून ऐकत होतो. वाफ फार पांढरी आहे, यष्टीचे दिवे डोळ्यांत जातात, असं बरंच झालं. मग लिन नावाची तिची मैत्रीण म्हणाली, "आगीसमोर माणूस बसलाय हे मला दुसऱ्यांदा खेळताना कळलं. आगीच्या सगळ्यात जवळ तोच आहे. मग अंधारात तोच कसा?"

इरानं ते वहीत टिपलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीनं गुऱ्हाळ जन्मात पाहिलेलं नाही. कॉल संपल्यावर मी इराला खरं काय ते सांगितलं. मग तिनं चुलवाणाच्या तोंडाशी लाइट ठेवला आणि दत्तूच्या चेहऱ्यावर तांबडा उजेड आला.

"मान वाटेकडे वळवू?" तिनं विचारलं.

"वळव," मी म्हणालो.

रविवारी तिनं ते व्हिडिओ कॉलवर दत्तूला दाखवलं. त्यानं फोन उजव्या डोळ्याशी धरला.

"चिपाडं वली हायती तुमची, धूर लय काढलाय," तो म्हणाला. "आन् मी येवडा देखणा कवापासनं?"

मी त्याला म्हणालो, की आण्णांना लिहिलेलं खोटं होतं हे मी आता सगळ्यांना कळवणार आहे. आणि विचारलं, "तू तेव्हा का बोलला नाहीस?"

"आण्णांनी तुला माघारी आणलं असतं, दादा. डोळा तर गेलाच हुता. तुजी नोकरी कशापायी घालवायची?"

म्हणून हे साताऱ्याला दिलेल्या आमच्या आक्कासाठी, गावातल्या भावकीसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहितो आहे. दत्तूला काही ठाऊक नव्हतं. तो मी भाकरी खाऊन येण्याची वाट बघत होता. घर कुठलं असं कुणी विचारलं, की मी इतकी वर्षं जिल्हा सांगत आलो. खरं तर माझं घर म्हणजे चुलवाणापुढचं एक पोतं आहे, ज्यावरून मी उठलो आणि तो बसला.

इरानं आणखी एक बदल केला आहे. आता फाट्यावर उभं राहून मागे पाहिलं, की उसाच्या वर तो तांबडा उजेड दिसतो. तिथून परत जाता येतं का, असं मी तिला विचारलं.

"येतं की आबा," ती म्हणाली. "फक्त यष्टी चुकते."