पूजेतली बंदूक आणि मेधाची गुलाबी कानझाकणं

आमच्या घरात एक बंदूक आहे आणि ती माझी आहे. नवऱ्याकडे तुळस आणि कढीपत्त्याची कुंडी आहे. टेक्सासात, प्लेनोमध्ये, इतकी वर्षं काढल्यावर कोणाकडे काय असावं यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही, तेव्हा उगाच आ वासू नका.

मी नागपूरची. बंदूक पाहिली होती ती फक्त बँकेच्या दारात पेंगणाऱ्या वॉचमनच्या मांडीवर. पण ऑफिसने एकदा टीम आउटिंग म्हणून आम्हाला नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथे मशीनमधून मातीच्या बशा हवेत भिरकावतात आणि तुम्ही ‘पुल!’ असं ओरडून त्या शॉटगनने फोडायच्या. आमचे मॅनेजर, डिरेक्टर, सगळे आभाळाला भोकं पाडून आले. माझी पाळी आली आणि मी पहिलीच बशी फोडली. काय तो धुरळा! बाप्पा रे! त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात मला एखादी गोष्ट इतकी फटकन जमली नव्हती. महिन्याभरात मी एका रिटायर्ड शेजाऱ्याकडून त्याची जुनी, साधी, लाकडी दस्त्याची शॉटगन विकत घेतली. नवरा म्हणाला, “वंदना, योगा पण चालला असता गं.” मी त्याला कुंडीला पाणी घालायला सांगितलं.

माझ्या पाठोपाठ मेधा आली. मेधा ही माझी जुनी मैत्रीण. ती पुण्याची आहे, त्यामुळे तिचं नेहमी बरोबर असतं. आणि मी नागपूरची, त्यामुळे मला ते पटत नाही. आमचं सख्य याच पायावर उभं आहे.

तर आमच्या दोघींच्या सामानाबद्दल. माझं सामान असं: नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा मी स्वतः शिवलेला एप्रन, काडतुसं ठेवायला त्याला चार खिसे. बंदुकीचा धक्का लागू नये म्हणून खांद्यावर गोधडीचा चौकोनी तुकडा, दोन सेफ्टी पिनांनी टाचलेला. आणि कानांवर लॉन कापताना घालायची पिवळी झाकणं. झालं. बशीला काय कळतंय तुम्ही काय नेसून आलात ते!

मेधाचं सामान म्हणजे मुलीची पाठवणी! गुलाबी जाळीचं जॅकेट. गुलाबी कानझाकणं. एका हाताचा कातडी ग्लोव्ह (एकाच हाताचा! दुसऱ्या हाताने काय पाप केलंय?). चष्म्याच्या डबीत पिवळ्या, नारिंगी, जांभळ्या काचा, त्याही ढग बघून बदलायच्या. बंदुकीच्या टोकाला चमकणारा हिरवा मणी. घडीची खुर्ची. आणि हे सगळं ठेवायला चाकांची बॅग. तिचं सामान गाडीतून उतरेपर्यंत माझी निम्मी काडतुसं संपलेली असत.

“अगं, प्रॉपर गिअर असलं की कॉन्फिडन्स येतो,” ती म्हणायची.

“नेम येतो का?” मी विचारायची.

“तुझ्या गोधडीने येतो वाटतं?”

मग ती कानझाकणं चढवून उभी राहायची आणि मी मागे बसून मनसोक्त बोलून घ्यायची. “आली सर्कस,” “आता काच बदलेल बघा,” “बोहल्यावर चढतेय जणू.” तिचे कान झाकलेले, मराठी कळणारं दुसरं कोणी नाही. मला फार हलकं वाटायचं.

असं गोडीगुलाबीत चाललं होतं. मग आमच्या नेमबाजी क्लबच्या महिला टीममध्ये एक जागा रिकामी झाली. टीमची कॅप्टन डॉना. सत्तरीची बाई, बोलणं कमी, बघणं जास्त. तिने जाहीर केलं की रविवारी दुपारी निवड, आणि नावं दोनच: मी आणि मेधा.

मला ती जागा हवी होती. उगाच कशाला लपवू, फार हवी होती! आमच्या महाराष्ट्र मंडळात आजवर माझी निवड झाली ती एकाच गोष्टीसाठी, मोठ्या पातेल्यातल्या मसालेभाताला पाणी किती लागेल हे मला बरोबर कळतं म्हणून. मुलं मोठी होऊन निघून गेली. ऑफिसात माझ्या निम्म्या वयाची पोरं मला ‘तुम्ही राहू द्या’ म्हणतात. कोणीतरी मला नेमासाठी निवडावं, एवढीच इच्छा होती. शिवाय मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘टीममध्ये जातेय’ असं आधीच टाकून बसले होते.

आणि त्याच आठवड्यात आली खंडेनवमी. शस्त्रांच्या पूजेचा दिवस! इतकी वर्षं मी या दिवशी सुरी, स्क्रू ड्रायव्हर आणि नवऱ्याचा लॅपटॉप पुजत आले. (लॅपटॉपला फूल वाहायचं आणि तो संध्याकाळी त्यावर क्रिकेट बघणार.) यंदा घरात खरं शस्त्र होतं! मी मेधाला फर्मावलं, “शनिवारी सकाळी बंदूक घेऊन ये. दोन्हींची मिळून यथासांग पूजा करू.”

ती आली. चाकांची बॅग घेऊनच आली. नवऱ्याने एकच अट घातली: बंदुका रिकाम्या, उघडलेल्या, आणि पूजा बंदुका ठेवायच्या तिजोरीतच. “नळीवर हळदकुंकू नको गं, गंज धरेल,” असंही तो दोनदा म्हणाला. मी दस्त्यांना कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, तिजोरीच्या कप्प्यात पेढा ठेवला. माझा एप्रन, माझी गोधडी, माझी पिवळी कानझाकणं, सगळं बंदुकीशेजारी मांडलं.

मेधाने बॅगेची चेन उघडली. “माझं पण ठेव ना.”

“ते नाही.”

“का?”

“ही शस्त्रपूजा आहे मेधा. तुझं ते सामान म्हणजे मेकअप आहे.”

मी आरती केली आणि ठणकावून सांगितलं, “आता पूजेतलं काही उद्या दसऱ्याच्या आरतीपर्यंत हलवायचं नाही. आमच्याकडे पाटी-पुस्तकालासुद्धा या दिवशी हात लावू देत नसत.” आणि तिजोरी बंद केली.

आम्ही डब्यातला पेढा तोंडात घातला आणि दोघींचे फोन एकदम वाजले. डॉनाचा मेसेज. उद्या वादळाचा इशारा आहे, रेंज बंद. निवड आज दुपारी तीन वाजता.

“उघड तिजोरी,” मेधा म्हणाली.

“नाही.”

“वंदना!”

“पूजेतलं हलवत नाहीत म्हटलं ना!”

नवरा कुंडीपाशी उभा होता. “अगं, देव काय रेंजवर येऊन तपासणार आहे का? नमस्कार कर आणि उचल.”

“तुम्ही मध्ये बोलू नका. मंडळाचा प्रत्येक सण ओढून शनिवारी आणतात तेव्हा मीच एकटी भांडते ना? देवाचा दिवस तो देवाचा दिवस! आणि आता माझ्यावर वेळ आली म्हणून मी सरकवू?”

“मग माझी तरी दे,” मेधा म्हणाली.

“हात लावून बघ!”

मेधाने बॅगेची चेन ओढली. “बरं. क्लबच्या बंदुकीने मारू दोघी. पण हरलीस तर देवावर ढकलायचं नाही.”

क्लबची बंदूक मुसळाएवढी जड आणि लांब. आणि तिथे पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मेधाचा फक्त बंदुकीचा प्रश्न होता. माझं तर सगळंच तिजोरीत, दस्त्याशेजारी, फुलं डोक्यावर घेऊन बसलं होतं! एप्रन नाही, गोधडी नाही, कानझाकणं नाहीत. क्लबच्या बादलीतली झाकणं घेतली, तर एका जोडीची दांडी मोडलेली आणि दुसरीचं स्पंज कोणीतरी कुरतडलेलं.

मेधाने गुलाबी जॅकेट काढून माझ्या अंगावर टाकलं. वर गुलाबी कानझाकणं दिली आणि बादलीतली कुरतडलेली स्वतः घेतली.

“मला नको तुझा मेकअप.”

“घाल गुपचूप. नाहीतर हरल्यावर म्हणशील, भंगार घालून मारलं म्हणून हरले. मला बहाणे नकोत.”

घातलं! काय करणार? आरशात पाहिलं नाही, पण डॉनाने पाहिलं आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. जॅकेटच्या खांद्याला आतून मऊ गादी होती. (असेल. गोधडीपण मऊच असते.) प्रत्येकीच्या पंचवीस बशा उडाल्या. सुरुवातीच्या माझ्या तीन सलग गेल्या, कारण ते मुसळ उचलेपर्यंत बशी पार जमिनीवर. मग मला राग आला. राग आला की माझा नेम बसतो. मेधानेही दात-ओठ खाऊन मारलं. शेवटी दोघींच्या सारख्याच फुटल्या. टाय!

डॉना म्हणाली, पाच मिनिटं द्या, विचार करते. मी पाणी प्यायला लांब कूलरपाशी गेले. बाकीची मंडळी मारत होती, त्यामुळे कानझाकणं काढायची नाहीत, हा नियम. मी ग्लास भरला. आणि माझ्या कानाशी डॉना बोलली.

मी दचकून वळले. मागे कोणी नव्हतं. डॉना आणि मेधा पार पलीकडे, झाडाखालच्या बाकापाशी उभ्या होत्या. बार उडाला की त्यांचा आवाज गप होई, आणि बार संपला की पुन्हा लख्ख ऐकू येई, जणू मी मधेच बसलेय. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या गुलाबी प्रकरणात मशीन होतं! धडाका अडवायचा, आणि लांबची कुजबुज मोठी करून कानात ओतायची!

त्यांचं इंग्रजीत चाललं होतं, मी आपलं मराठीत सांगते.

“वंदनाला घे,” मेधा म्हणत होती. “ती माझ्याहून चांगली आहे. तिच्या हातात तिची बंदूक असती तर मी हरलेच असते.”

“तुला जागा नको?” डॉना.

“हवी आहे ना. पण तिला जास्त हवी आहे. आणि तिला नाही घेतलंस तर मला ऐकावं लागेल. तसं मी रोजच ऐकते म्हणा. ही कानझाकणं घातली की ती मागे बसून जे पुटपुटते ते शब्दन्शब्द ऐकू येतं. सर्कस म्हणते मला. नवरी म्हणते. मी हसू दाबत मारते, म्हणून तर माझ्या बशा चुकतात!”

माझ्या हातातला ग्लास कलंडला आणि पाणी गुलाबी जॅकेटवर सांडलं. सगळं! बाईने सगळं ऐकलं होतं! आणि तरी पेढा खायला घरी आली, आणि तरी आज अंगावरचं काढून मला दिलं. मला लाज वाटली आणि रडूही आलं, पण त्याहून जास्त आला संताप. मेहेरबानी? माझ्यावर? मेधाने दयेने दिलेली जागा मी घेऊ?

डॉना आली. “हनी, यू आर इन.”

झालं होतं! जागा हातात होती. गप्प बसून ‘थँक यू’ म्हणायचं एवढंच काम होतं. शहाण्या बाईने तेच केलं असतं.

“नो!” मी म्हणाले. “टाय इज टाय. पुन्हा उडवा.”

मेधा धावत आली. “अगं वेडी आहेस का? मिळाली ना?”

“मला कोणाचे उपकार नकोत!” मी कानझाकणं काढून तिच्या हातात कोंबली, ओलं जॅकेट वर ठेवलं, आणि बादलीतली मोडक्या दांडीची झाकणं डोक्यावर चढवून एका हाताने धरून उभी राहिले. मग लक्षात आलं की बंदुकीला दोन हात लागतात. मेधाने तिच्या केसांचा रबर काढला आणि ती दांडी माझ्या अंबाड्याला बांधून दिली.

“पुल!” मी ओरडले.

बशी उडाली. मी मारलं. बशी आपली शांतपणे उडत राहिली, लांब गवतात उतरली, अख्खीच्या अख्खी. दुसरीही तशीच गेली. मेधाने तिच्या दोन्ही फोडल्या. मुद्दाम चुकवायचा तिचा विचार होता असा मला दाट संशय आहे, पण डॉना बघत होती. जागा मेधाला मिळाली.

मी पाठ फिरवून पार्किंगच्या दिशेने निघाले. गुलाबी कानझाकणं आता मेधाच्या डोक्यावर होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. बरंच लांब गेल्यावर मी समोर बघतच, अगदी हळू म्हणाले, “छान मारलंस गं. खरंच छान.”

“काय? पुन्हा म्हण!” मागून हाक आली.

“मी काही बोललेच नाही!” मी ओरडले आणि गाडीचं दार लावून घेतलं.

घरी नवरा दारातच उभा होता. “मिळाली का जागा?”

“मिळाली होती. मी नाकारली.”

“का?”

“तत्त्व म्हणून एक गोष्ट असते.”

त्याने हातातली झारी खाली ठेवली. “म्हणजे मेधा हरली आणि तुला दया आली?”

“छे! मीच हरले. पण कोणाच्या मेहेरबानीने नाही. स्वतःच्या हिमतीवर हरले!”