काळपट बोंडं

वणीच्या कोळसा-रस्त्यावर ट्रक रंगवणारा एक पेंटर आहे. नाव मी कधी विचारलं नाही. रेघ ओढताना त्याची जीभ लहान पोरासारखी बाहेर येते.

मी सहावीत शाळा सोडलेला, साताऱ्याहून इथं आलेला ड्रायव्हर. लेकीचं शाळेत काही चुकू नये, याची सतत धास्ती. माझा ट्रक तो रंगवत होता, तेव्हा ती शेजारी बसून शाळेसाठी कापसाचं झाड काढत होती. बोंडं तिनं काळपट रंगवली!

"कापूस पांढरा असतो गं! फाड ते," मी ओरडलो. तिनं कागद फाडायला घेतला.

"ओ भाऊ, थांबा ना!" पेंटर शिडीवरून उतरलाच. चित्र पाहून हरखला. "काहून फाडायले लावून राह्यले? इथं कोळशाची धूळ बसते, कापूस असाच दिसते. पोरीनं पाहून काढलं, तुमी ऐकलेलं सांगून राह्यले."

मी रस्त्यापलीकडच्या वावरात पाहिलं. खरंच की! तीन वर्षं याच रस्त्यानं जातोय, पण तो कापूस मी पाहिलाच नव्हता.

तोवर त्यानं ट्रकमागचा अर्धवट मोर पुसून तिथं झाड काढायला घेतलं होतं. मग ब्रश तिच्या हाती देत म्हणाला, "माय, बोंडं तूच रंगव. हा रंग मले सुचला नसता."