काकांची तिथीची डबी

माझ्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, आयुष्यात एकाही गोष्टीवर पहिल्या खेपेला विश्वास ठेवला नाही, आणि यात काशीचा सूर्योदयही आला. दूधविनायक मोहल्ल्यातल्या घरातून पहाटे पंचगंगा घाटावर उतरायचे, सूर्य वर आला की घड्याळ बघायचे, आणि पंचांगातली वेळ जुळली तरच डुबकी मारायचे. दोन मिनिटांचा फरक पडला तर घरी येऊन मावशीला सांगायचे, "छापणाऱ्यानं घोळ घातलाय." सूर्याची ही कथा, मग माणसांची काय गत! दूधवाल्याला रोज नखावर थेंब टाकून दाखवावा लागे. नाववाल्याला फळी उचलून नावेचा तळ दाखवावा लागे. तो एकदा वैतागून म्हणाला, "पंडितजी, डूबेंगे तो हम भी डूबेंगे!" काका म्हणाले, "तुमको तैरना आता है." मी तेव्हा घाटावरच्या दलालांविरुद्ध लढणाऱ्या एका समितीत होतो आणि तिची पत्रकं काढत असे. एका पत्रकाखाली मी ‘समस्त काशीवासी’ असं लिहिलं, तर काकांनी शेजारी लाल पेन्सिलीनं लिहिलं, ‘मला कधी विचारलंस?’

काका विद्यापीठात कॉम्प्युटर शिकवत. नव्वदचं दशक संपत आलं होतं, शहरात इंटरनेट नुकतंच आलं होतं आणि फोन दोन मिनिटं किंचाळल्याशिवाय ते लागत नसे. काकांनी मराठी यात्रेकरूंसाठी एक वेबसाइट केली होती. तिच्यात धर्मशाळा, घाट, आणि एका कोपऱ्यात तिथी. गेलेल्या माणसाचा महिना, पक्ष आणि तिथी भरा, या वर्षीच्या श्राद्धाची तारीख मिळेल. मला तो कोपराच हवा होता, कारण दलालांचा अर्धा धंदा ‘आजच तुमची तिथी’ या थापेवर चालतो. मी म्हटलं, "काका, एवढा भाग सोडवून स्वतंत्र करा. आमच्या समितीच्या हिंदी साइटमध्ये बसवू, उद्या गयेचे बसवतील, प्रयागचे बसवतील. प्रत्येकानं पुन्हा कशाला लिहायचं?"

"म्हणजे चूल माझी आणि पोळ्या तुमच्या," काका म्हणाले. पण कामाला लागले. साइटभर गुंतलेली गणितं तीन महिने खपून उपसून काढली आणि एका बंद पुडक्यात भरली. त्याला ते कंपोनंट म्हणत, मी डबी म्हणे. डबीचा स्वभाव हुबेहूब मालकाचा. सोळावी तिथी भरली की हाकलून देई. एक रकाना रिकामा राहिला की गप्प बसे. सगळं बरोबर भरलं तरी म्हणे, ‘पुन्हा भरा.’ काकांचं म्हणणं, "तिला कोण कुठल्या घरात नेऊन ठेवेल, काय माहीत? तिनं कुणावर भरवसा ठेवायचा नाही. तीन गोष्टी आत, एक तारीख बाहेर. मधलं कुणी बघायचं नाही."

"का नाही? लोकांपासून लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

"तू बोट घालशील, हे आहे."

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. ज्ञान कोंडून ठेवायचं आणि वर ‘फुकट दिलं’ म्हणून मिरवायचं, यात काहीतरी काळंबेरं असणारच, असा संशय मनात धरूनच मी ती डबी आमच्या साइटवर बसवली.

त्या वर्षी गाझीपूरच्या एका मास्तरांचं कार्ड समितीकडे आलं. वडिलांना जाऊन वर्ष होत होतं, पहिलं वार्षिक काशीतच करायचं होतं, आणि तिथी सांगणारे गावचे पुरोहित आता राहिले नव्हते. अगहन कृष्ण द्वादशी. अगहन म्हणजे मार्गशीर्ष. मी तो भरला आणि डबीनं दिलेली तारीख कळवून टाकली. मास्तर त्या दिवशी अहिल्याबाई घाटावर आले, तेव्हा गुरुजी पंचांग उघडून म्हणाले, "मास्टर साहब, ये तो पिछले महीने निकल गई." मास्तर समितीत आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. माझंच कार्ड माझ्यापुढे ठेवून ते एवढंच म्हणाले, "बाबूजी सोचते होंगे, बेटा भूल गया."

मी त्यांना घेऊन तडक काकांकडे गेलो. "तुम्ही मुद्दाम खोट ठेवलीत! डबी कुणी वापरूच नये म्हणून!"

काकांनी डबी उघडली. बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "आपला महिना अमावास्येला संपतो. यांचा पौर्णिमेला."

झालं होतं ते एवढंच. इथले लोक ज्या कृष्णपक्षाला अगहन म्हणतात, तो आमच्या घरी अजून कार्तिकच असतो. मराठी साइटवर हे विचारायची गरजच नव्हती, आणि हिंदी साइटवर जाताना डबी आमच्या घरचा महिना पोटात घेऊन गेली. पाच पिढ्या आम्ही काशीत, दोन्ही रीती तोंडपाठ, तरी कार्ड लिहिताना माझ्याही डोक्यात आलं नाही. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरच्या भिंतीवरच्या पंचांगावर तेवढा घेतला नव्हता.

चुकलेलं श्राद्ध अमावास्येला करता येतं. हे काकांनी तीन गुरुजींना वेगवेगळं गाठून विचारलं, मग मास्तरांसमोर हात जोडले. "गलती मेरी है. तीन दिन हमारे घर रुकिए." अमावास्येला मास्तर घाटावर पिंड ठेवत होते आणि काका वरच्या पायरीवर, त्या थंडीत, अनवाणी उभे होते. त्याच आठवड्यात डबीला चौथा रकाना आला: ‘आपला महिना कधी संपतो?’ तो भरल्याशिवाय ती पुढे सरकत नसे.

पुढच्या वर्षी डबीनं तारीख दिली, तरी काकांनी गाझीपूरला स्वतः कार्ड लिहिलं: ‘हमारे हिसाब से यह तारीख आती है। आपके यहाँ क्या मानते हैं?’ काकांनी कुणाला असं विचारलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आठवड्यानं एका ओळीचं उत्तर आलं: ‘आपने लिखा है तो सही ही होगा।’ काकांनी ते कार्ड उलटंसुलटं केलं, उजेडाकडे धरलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

"बघ रे," म्हणाले, "खरंच असंच लिहिलंय का?"