उतरता डावा खांदा

पत्नी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या मला साताऱ्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात घेऊन गेला. आमच्या चौकात श्रद्धांजलीचा फलक लागतोच. लागला नाही तर घरात भांडण आहे, असे लोक समजतात. मुलगी जवानाला दिलेली, दूर छावणीत राहते. तिला अंत्यदर्शन मिळाले नव्हते. ती दशक्रियेला पोहोचणार होती आणि घराकडे येण्याचा रस्ता चौकातूनच आहे. म्हणजे आई तिला प्रथम त्या फलकावर दिसणार होती. एवढ्यासाठी मी गेलो. एरवी गेलो नसतो.

सांगलीच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवली. शहर जी चित्रे भिंतींवर लावते, ती पाहणे मी निवृत्तीनंतर साताऱ्याला आल्यावर सोडून दिले होते.

पत्नीचा एकटीचा फोटो घरात नव्हता. मुलीच्या लग्नातल्या एका फोटोत ती कडेला उभी होती. पुढे बसलेल्या पाहुण्याच्या फेट्याने तिचे गळ्याखालचे अंग झाकले होते. दुकानातल्या बाईंनी चेहरा तेवढा कापून घेतला आणि संगणकात तयार असलेल्या एका धडावर ठेवला. हिरवी पैठणी, ताठ खांदे, गळ्यात ठुशी. दूरदर्शन मालिकेतल्या सासूचा थाट. दुकानात त्याला ‘बॉडी’ म्हणतात. मागे चौकात दुसऱ्या एका बाईंचा फलक लागला होता, त्यावरही हेच धड होते.

“आण्णा, काकी लय भारी दिसत्यात,” पुतण्या म्हणाला. “टीव्हीतल्यावानी.”

“ही ती नव्हे.”

“आवं, चेहरा तर त्यांचाच हाय की!”

“चेहऱ्यापुरती.”

सांगलीत आमची खोली माडीवर होती, नळ खाली अंगणात. जिना चढताना तिचा उजवा हात कठड्याला असे, बादली डाव्या हाती. डावा खांदा उतरला तो उतरलाच. पुढे घरात नळ आला, तरी तो वर आला नाही. बाजारातल्या गर्दीत मुलगी आईला पाठमोरी ओळखी, ती या खांद्यावरून.

“डावा खांदा खाली घ्या,” मी बाईंना म्हणालो. “आणि ठुशी काढा.”

“ठुशी न्हाई काढता यायची, सर. मान जोडलीया ती तिच्याखालीच.”

“मग राहू द्या. खांदा घ्या.”

त्यांनी घेतला. पदराच्या निऱ्या किंचित मोडल्या. मी पेन्सिलीने कागदावर रेघ काढून दाखवली. त्यांनी आणखी थोडा घेतला.

“लोकं म्हंत्याल, फ्लेक्स वाकडा लागलाय.”

“म्हणू द्या.”

त्या दिवसांत मला रडू आले नाही, भूकही लागली नाही. आलेल्या माणसांना मी बसा म्हणत होतो.

दशक्रियेच्या आदल्या दुपारी मुलीला घ्यायला मी चौकात गेलो. फलक तिरपा होता. पत्नीच्या डाव्या अंगाची दोरी कोणी वर ओढून बांधली होती. खांदे एका रेषेत आले होते आणि खाली तिच्या नावाची अक्षरे घसरली होती. मंडळाचा एक कार्यकर्ता शिडी खांद्यावर टाकून निघालाच होता.

“वाकडा बसला व्हता, आण्णा. सरळ केला. काकी कशा ताठ दिसत्यात बघा!”

“दोरी सोड.”

“आवं पण, खांदा…”

“सोड म्हणतो ना.”

तो पुन्हा चढला. दोरी सैल झाली, अक्षरे सरळ आली, खांदा खाली आला. तो शिडीवरून उतरत असतानाच रिक्षा थांबली.

मुलगी उतरली आणि वर पाहत उभी राहिली. रिक्षावाला सुट्टे परत देत होता. तिचे लक्ष नव्हते. ते मीच घेतले.

“ही साडी आईची नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“ठुशी पण नाही.”

“नाही.”

“खांदा?”

“तो तिचा.”

तिने मान डोलावली. मागून मोटारी हॉर्न वाजवू लागल्या, तेव्हा आम्ही बाजूला झालो. बॅग तिच्या डाव्या हातात होती. ती मी काढून घेतली आणि घराकडे चालू लागलो.