तीन शब्दांचं नाव

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा साधा खोकलासुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हीसुद्धा पळवाटच?

नागपुरात धरमपेठेतल्या एका लहानशा ऑफिसात मी वेबसाइट बनवतो. चार वर्षांपूर्वी एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाच्या फॉर्मचं काम आमच्याकडे आलं. नावाच्या रकान्यात मुली नुसतं ‘पिंकी’ लिहून मोकळ्या होतात, अशी कॉलेजची तक्रार होती. मग मी माझ्याच डोक्यानं एक नियम घातला — नावात तीन शब्द हवेतच. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. दोनच शब्द दिसले की रकाना लाल, फॉर्म पुढे सरकणार नाही. माझं नाव टाकून पाहिलं, बायकोचं टाकलं, साहेबांचं टाकलं. सगळी गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि माझी कॉलर ताठ झाली. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे तीन शब्द — यात आणखी तपासायचं काय होतं?

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी कामठीहून एका मुलीचा फोन आला. फॉर्मखाली मदतीसाठी माझाच नंबर होता. वैशाली तिचं नाव.

“सर, माह्या नावात दोनच शब्द हायेत. बापाचं नाव लावतच नाही मी, मार्कशीटवरही नाही. फॉर्म काहून घेऊन नाही राहिला?”

मला त्याच क्षणी कळलं. कोडमधली ती नियमाची ओळ काढायला दोन मिनिटं लागली असती. पण साहेबांना सांगावं लागलं असतं — ज्याची शाबासकी घेतली तोच नियम चुकला म्हणून. ते समोरच कूलरपुढे बसले होते. मी आवाज खाली केला आणि म्हणालो, “टाका ना मधे कोणाचंही नाव. नंतर दुरुस्त होते.”

कोणाचंही! किती सहज म्हणालो मी. तिनं मामाचं टाकलं. मुदत संपल्यावर मी गुपचूप ती ओळ काढून टाकली.

कॉलेजात कागद तपासताना नाव मार्कशीटशी जुळलं नाही. तिचा पुन्हा फोन आला. “तुम्ही फक्त त्यांले सांगा सर, फॉर्म घेत नव्हता म्हणून.” रडत नव्हती ती. तिचा विश्वास होता माझ्यावर. सांगतो, म्हणालो.

संधी चालूनही आली. कॉलेजनं लेखी विचारलं — तीन शब्दांची सक्ती होती का? मी उत्तर पाठवलं: फॉर्ममध्ये अशी कोणतीही सक्ती नाही. त्यांनी उघडून पाहिला असेल तर त्यांनाही ती दिसली नसणार. मीच तशी सोय करून ठेवली होती, नाही का?

तिची जागा गेली. तिचे आणखी दोन फोन आले. मी स्क्रीनवर तिचं नाव बघत बसलो, उचलले नाहीत.

त्या कॉलेजच्या कागदांत वैशालीच्या नावापुढे शेरा आहे — खोटी माहिती दिली. खोटी माहिती मी दिली होती.