भेगेवरचा फ्लेक्स

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या एसटी स्टँडवर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. आई एवढंच म्हणाली, "मामा गेला गं... शिकवता शिकवताच." मी लातूरला पोचेपर्यंत मामाच्या कोचिंग क्लासच्या मुलींच्या वसतिगृहावर फ्लेक्स चढलाही होता. मामाचा फोटो तळहाताएवढा, हात जोडलेले संचालक कमरेपर्यंत, आणि श्रद्धांजलीच्या खालीच 'नवीन बॅचचे प्रवेश सुरू'. जवळ गेले तर दिसलं, फ्लेक्स नेमका भिंतीतल्या भेगेवर ताणून बसवलाय. त्याच भेगेसाठी मामा वर्षभर याच संचालकांच्या केबिनबाहेर ताटकळला होता.

भूकंप झाला तेव्हा आई आणि मामा शिकायला लातुरात होते, म्हणून वाचले. गावाकडचं घर आणि घरातली माणसं, काही उरलं नाही. तेव्हापासून मामा कुणाकडेही गेला की आधी भिंती निरखायचा, मग टेकायचा. शेजारीपाजारी चेष्टा करायचे, "मास्तर पोरगी बघायला आले का भिंती?" पुढे क्लासची लाट आली, रेणापूर-नांदेडकडची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली, आणि दोन मजल्यांच्या इमारतींवर आणखी दोन मजले चढले. मामा अशाच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. उरलेला वेळ त्याच्या खोलीतल्या मशिनला.

ते मशिन म्हणजे थ्रीडी प्रिंटर. वितळलेल्या प्लास्टिकचा थरावर थर देत वस्तू उभी करणारं. त्याच्या शेजारी मामानं जुन्या ऑफिस प्रिंटरचं शाई फवारणारं हेड बसवलेलं. प्लास्टिकची पट्टी अर्धी झाली की मशिन थांबायचं, हेड येऊन वीज वाहणाऱ्या चांदीच्या शाईची रेघ ओढायचं, ती वाळली की वर पुन्हा प्लास्टिक. म्हणजे तार पट्टीच्या पोटातच. भेगेवर आडवी चिकटवायची. भेग रुंदावली की पट्टी तुटणार, रेघ तुटणार. ऐकायला सोपं. पण प्लास्टिकच्या थरांना बारीक कंगोरे राहतात, शाई त्यातून पसरायची. हेड तर रोज तुंबायचं. सुई घेऊन तो तासन्‌तास बसायचा.

"काय करून राहिले मामा?"

"भिंतीत नस घालून राहिलो. तुझ्या पत्रकात शाई लई, पण करंट न्हाई."

पहिल्या पट्टीत त्यानं हिरवा दिवा ठेवला होता. रेघ तुटली की दिवा विझणार, विझला की पळायचं. मी म्हटलं, "मामा, लातुरात लाईट गेली म्हणून कोण पळतं? मेणबत्ती हुडकतेत." तो पोट धरून हसला. दिव्याच्या जागी, रेघ तुटली की वाजणारी घंटी आली.

ती वसतिगृहात एकदा वाजली. संचालकांनी पट्टी उपटून कचऱ्यात टाकली. "सर, टेस्ट सिरीज चालू हाय. पोरी भेल्या तर पालक येतेत." मग दर वर्षीसारखंच प्रवेशाच्या आधी भेगेत पुट्टी आणि वर गुलाबी रंग. आणि त्याच वर्षीच्या माहितीपुस्तकात मामाच्या मशिनचा फोटो, खाली 'आमची भविष्यवेधी प्रयोगशाळा'. किळस हा शब्द मी पत्रकात फार वेळा वापरलाय. त्याचा अर्थ मला ते पान बघून कळला.

मी मोर्चाचं बोलले. मामा म्हणाला, "तू काढ. तवर मी दुसरी पट्टी करतो." ती त्यानं सायलीकडे दिली. सायली रेणापूरची, वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर राहणारी. तिनं कपाटामागे, पुट्टी खरवडून, भेगेवर चिकटवली. पंधरवड्यानं मामा गेला...

महिना होत आला. परवा दुपारी घंटी वाजली. सायलीनं दारं बडवली आणि सगळ्या पोरी जिन्यानं खाली आल्या; कुणी ओल्या केसांनी, कुणी जेवणाचा डबा तसाच हातात घेऊन. तिचा फोन आला म्हणून मी धावत पोचले. संचालक फाटकात ओरडत होते, "कुणी वाजवली? नाव सांगा. आत्ताच्या आत्ता नाव पाहिजे."

सायलीनं फ्लेक्सवरच्या तळहाताएवढ्या फोटोकडे बोट केलं.

"या सरांनी."

संचालक वर बघत राहिले. फ्लेक्सच्या खालच्या कडेबाहेर भेग आली होती, गुलाबी रंग फोडून. पोरींनी पटांगणात सतरंज्या टाकल्या आणि पालकांना फोन लावले. हे लिहितेय तोवर एकही पोरगी आत गेलेली नाही. फ्लेक्स आम्ही उतरवला. मामाचा फोटो कापून घेतला, बाकीचं त्यांच्या केबिनच्या दारात ठेवलं.